घोड्यांचं पाणी

अमेरिकेत ॲन आर्बरच्या लायब्ररीत मी पुस्तकं लावायचे, तेव्हा एक काका दर तीन आठवड्यांनी एकच इंग्रजी कादंबरी घेऊन जायचे. लढाई संपल्यावर चार सैनिक घोड्यांवरून पश्चिमेला जातात, गुरं पाळतात आणि नव्यानं घर उभं करतात, अशी ती गोष्ट. काकांनीही आपल्याकडे लष्करात घोडे सांभाळलेले. आता ते मुलाकडे राहत आणि बर्फातसुद्धा बूट चकचकीत करून येत.

एकदा त्या पुस्तकाच्या समासात मला पेन्सिलीनं लिहिलेलं मराठी सापडलं. सैनिक दिवसभर दौड करून थेट जेवायला बसले की तिथे एकच शब्द असायचा: "पाणी?"

"काका, लायब्ररीच्या पुस्तकात लिहायचं नसतं. मला ऐकून घ्यावं लागेल."

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण घोडा तहानलेला आणि हे स्वतः जेवतायत! हे कसले गं सैनिक?"

मग त्यांनी माझ्याकडून खोडरबर मागून घेतलं आणि खिडकीपाशी बसून दुपारभर एकेक शब्द पुसला. चुरा टेबलावर सांडू न देता तळहातावर गोळा केला. पुस्तक आणि खोडरबर परत देताना ते ताठ उभे राहिले, तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं.

ते गेल्यावर मी पानं चाळली. सगळी स्वच्छ होती. फक्त शेवटच्या पानावर, जिथे ते सैनिक पहिल्यांदा स्वतःच्या घरात जेवायला बसतात, तिथे बारीक अक्षरात नवीनच लिहिलं होतं: "पाणी पाजलं."

खोडरबर माझ्या हातातच होतं. मी पुस्तक तसंच शेल्फवर लावलं.