उजवं अंडाशय आणि उडदाचे लाडू

या गोष्टीचा पहिला तुकडा माझ्या आईला माहीत होता. ती गेली. दुसरा तुकडा जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका डॉक्टरीणबाईंना माहीत होता. त्या दवाखाना बंद करून मुलाकडे निघून गेल्या. पुरी गोष्ट मात्र कुणालाच माहीत नाही — माझ्याशेजारी बसून रोज जेवणाऱ्या माणसाला तर नाहीच. आणि गोष्ट आहे त्याचीच. तुम्ही ना नात्यातले, ना मोहल्ल्यातले. तुम्हाला सांगायला काय हरकत आहे?

सोपं आहे तिथून सुरू करते. मी एकोणीस वर्षांची असताना पोटात गाठ झाली, ती पिळली गेली, आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर उजवं अंडाशय काढून टाकलं. डावं राहिलं. दवाखान्यातून घरी येता येता आईनं रिक्षातच ठरवलं की हे अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. तिनं ते इतक्या लोकांना सांगितलं की पुढे पुढे तिलाही तसंच वाटायला लागलं. लग्न होऊन मी जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यात सासरी आले. टाक्यांची खूण पाहून हे म्हणाले, अपेंडिक्सची एवढी मोठी? मी म्हणाले, डॉक्टर नवा होता. शहरातला जुनाजाणता सर्जन, आणि मी त्याला एका वाक्यात शिकाऊ करून टाकलं.

पण हा माझा गुन्हा नाही. म्हणजे, आहे — पण सांगायचा तो हा नव्हे.

आमचं घर बौद्ध. सासूबाई विदर्भातून लग्न होऊन जबलपूरला आलेल्या आणि विचारांनी एकदम पक्क्या. नवस नाही, उपास नाही, गंडादोरा नाही. कुणी बाबा-महाराजांचं नाव काढलं की त्या चप्पल शोधायच्या. दोन वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा शेजारच्या मिश्राइन काकींनी मला सोळा सोमवार सुचवले. सासूबाईंनी त्यांना चहा पाजला, गोड बोलून दारापर्यंत पोचवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आपल्यात तपासणी असते. काहून, तर माणसाला डोकं आहे. आधी तू दाखव, मंग तो दाखवंल."

बाकी घरांतल्या सुना देवावर भागवून नेत होत्या. माझ्याच वाट्याला विज्ञान यायचं होतं का? देवाला निदान सोनोग्राफी तरी करता येत नव्हती.

मी एकटीच गेले. डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी तपासलं आणि हसल्या. "एक है तो क्या हुआ? बच्चे के लिए एक ही काफी है. घर में बता दो, छुट्टी." किती सोपं! मी घरी आले आणि सांगितलं, माझं सगळं ठीक आहे. ठीक तर होतंच. आकडा कुणी विचारला नाही, मी सांगितला नाही.

मग ह्यांची पाळी. हे फॅक्टरीत तपासणी विभागात होते. दिवसभर लोखंडाचे तुकडे मापायचे, पास किंवा नापास करायचे. असा माणूस हातात छोटी बाटली घेऊन लॅबच्या बाकावर बसला. पहिल्या दिवशी तिथे फॅक्टरीतले दोघे भेटले, त्यांना हे म्हणाले शुगर तपासायला आलोय, आणि खरोखर शुगर तपासून परत आले. दुसऱ्या दिवशी तिथल्या मोरीची कडी लागेना. तिसऱ्या खेपेला जमलं. रिपोर्ट आणायला जायची मात्र हिंमत उरली नाही. मला म्हणाले, "तूच घेऊन ये ना. अन् डॉक्टरीणबाईंला दाखवूनच ये."

सासूबाईंनी आधीच जाहीर करून ठेवलं होतं, याचं ठीक निघालं तर सुनेला नागपूरला न्यायचं. तिथे त्यांची भाची मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती. ती डोक्यापासून पायापर्यंत सगळं तपासून घेणार होती. मी रिपोर्ट घेतला, डॉक्टरीणबाईंना दाखवला, आणि गोरखपूरपर्यंत रिक्षात बसून त्या भाचीचाच विचार करत राहिले.

थांबा. पाणी पिऊन येते.

हं. तर — रिपोर्ट नॉर्मल होता. अगदी उत्तम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघंही ठीक आहात, फक्त सबुरी ठेवा. मी घरी येऊन सांगितलं, "ह्यांच्यात थोडं कमी आहे म्हणे. रिपोर्ट डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतला."

रिपोर्ट रस्त्यातल्या नाल्यात होता.

मला वाटलं होतं, सासूबाई भांडतील, मुलाची बाजू घेतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे आपल्याच पोरात आहे. चलो, खायाप्यायाचं पाहू." एवढी न्यायी सासू! अशा बाईला फसवायला किती निर्ढावलेपण लागतं, कल्पना करा. दुसऱ्या दिवसापासून गोखरूचा काढा, खारकांचं दूध, आणि उडदाचे लाडू सुरू झाले. रोज दोन, सकाळी एक, फॅक्टरीतून आल्यावर एक. मग कुणीतरी सांगितलं की पुरुषाला उष्णता वाईट. झालं. जानेवारीतल्या जबलपूरच्या थंडीत हे गार पाण्यानं आंघोळ करू लागले. न्हाणीतून असे आवाज यायचे की मिश्राइन काकी विचारायच्या, भैया भजन करते हैं क्या? स्कूटर बंद, कारण सीट तापते. अंगाबरोबरच्या पँटी बंद. शिंप्याकडून इतक्या ढगळ पँटी शिवून आल्या की फॅक्टरीत ह्यांना लोक नेताजी म्हणू लागले. हे सायकलवर निघाले की दोन्ही पाय वाऱ्यानं फुगायचे, आणि मी गॅलरीतून पाहून पदर तोंडात कोंबायची.

हसले हो मी. तेही लपवत नाही.

रविवारी विहारात वंदनेला जायचो. सगळे मिळून पंचशील म्हणायचे, आणि चौथं शील आलं — खोटं न बोलण्याचं — की मला खोकला यायचा. तिथेच, त्याच ओळीला. सुरुवातीला मुद्दाम, पुढे आपोआप. सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्यासाठीही ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला. घरात आता दोन काढे उकळत होते, आणि दोन्ही ठणठणीत माणसांसाठी.

एवढ्यावरच थांबलं असतं तर मी ही नुसती गंमत म्हणून सांगितली असती. पण एकदा सासूबाई बाहेर गेलेल्या, मी ह्यांना वाढत होते. हे ताटाकडे पाहत म्हणाले, "तुले वाटत असंल ना, तर तू दुसरं लग्न कर. मी आडवा नाही येणार. आईला मी सांगंन." दिवसभर तुकडे मापणाऱ्या माणसानं स्वतःला मापून नापास केलं होतं. तोंड उघडलं मी. तेव्हा बोलायचं होतं ना? मी म्हणाले, काहीतरीच काय, आणि वरण वाढलं.

पुढे चार महिन्यांनी मला दिवस गेले. डाव्या बाजूनं एकटीनं काम तडीस नेलं होतं, पण तिचं नाव कोण घेणार? श्रेय गेलं लाडवांना. सासूबाईंची मोहल्ल्यात कीर्ती झाली. ज्यांच्याकडे पाळणा हलत नव्हता ते सगळे लाडवांची कृती लिहून न्यायला आमच्याकडे येऊ लागले — मिश्राइन काकीसुद्धा, पुतण्यासाठी. सासूबाई प्रत्येकाला सांगायच्या, देवधरम कायी नाही, हे सायन्स आहे. बिचाऱ्या त्याच विश्वासात गेल्या. आमची प्रज्ञा जन्मली तेव्हा हे दवाखान्याच्या व्हरांड्यात ढगळ पँटीत उभे होते, आणि नर्सनं मुलगी हातात दिल्यावर इतके रडले की तिनंच उलट त्यांना खुर्ची दिली.

आता सांगते मागच्या महिन्याचं. प्रज्ञा आणि जावई नागपूरहून आले होते. त्यांच्या लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. जावयाचा रिपोर्ट आलाय, त्यात खरोखरच कमी आहे. पोरगा दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. सकाळी आम्ही चौघं नाश्त्याला बसलो होतो, आणि ह्यांनी — ज्यांनी आयुष्यात असल्या विषयावर कधी तोंड उघडलं नाही — पोह्यांची बशी बाजूला सारली आणि जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून नका घेऊ, जावईबापू. माझ्यात बी हेच होतं. रिपोर्टच तसा आला होता. लाज वाटून राहिली होती मले, कोनाला तोंड दाखवावं वाटत नव्हतं. पन झालं ना सारं ठीक? ही बसली आहे समोर." मग ते प्रज्ञाकडे वळले. "अन् तुझी आई पाह्य. दुसरी असती तर माहेरी गेली असती निघून. हिनं आजपर्यंत एका शब्दानं मले टोचलं नाही. चूप राहिली. असं मन लागते."

जावई त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. प्रज्ञाचे डोळे भरून आले, तिनं टेबलाखालून माझा हात धरला. हे माझ्याकडे पाहत होते, त्यांच्या डोळ्यांत इतका आदर होता की मला खाली पाहावं लागलं. स्तुती झालेली बाई पाहते ना, अगदी तसं.

आणि ऐकताना मला छान वाटलं.