मागच्या बाकावरचं इंग्रजी

"मॅडम, तुम्ही फक्त स्लाइड बदला. तुमच्या वस्तीवरचं इंग्रजी पोरांच्या कानावर नको."

विभागप्रमुख सर भरवर्गात म्हणाले. पोरं हसली. मी मागच्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली.

गंगापूर रोडवरचं कॉलेज. मी तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका. इंग्रजी भाषेच्या इतिहासाचा पेपर वेळापत्रकात सरांच्या नावावर. नोट्स मी लिहायच्या, सरांनी वाचायच्या. तीन वर्षं हेच चाललेलं, आणि मीही मुकाट लिहीत आले, याचाच जास्त संताप येतो.

त्या दिवशी सर माझंच पान वाचत होते. इंग्लंडचे सरदार पिढ्यानपिढ्या फ्रेंच बोलायचे. इंग्रजी म्हणजे गुरं राखणाऱ्यांची, नांगर धरणाऱ्यांची बोली. तिची त्यांना लाज वाटायची.

एका मुलीनं विचारलं, "सर, मग ती वर कशी आली?"

सरांनी पान उलटलं. मागे कोरं. म्हणून मी बसल्या जागेवरून इंग्रजीत सांगितलं. एक कारण प्लेगचं. माणसं इतकी मेली की राबणाऱ्यांची किंमत वाढली, आणि त्यांच्या भाषेचीही. एवढंच बोलले होते, त्यावर सरांचं ते वाक्य.

संध्याकाळी निफाडला घरी आले. आई द्राक्षांच्या विरळणीवरून आलेली, दिवसभर कात्री धरून बोटं सुजलेली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या कागदाबिगर त्याला बोलता येतं का?"

हे मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

पुढच्या तासाआधी सरांनी हात पुढे केला. "नोट्स?"

"लिहिल्यात. पण शिकवणार मी."

"तासिकावाल्यांची पुढच्या वर्षीची यादी मीच करतो, लक्षात आहे ना?"

"आहे."

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. सर वर्गात आले, "आज वाचन करा" म्हणाले आणि निघून गेले. मी मागच्या बाकावरून उठले. पुढे जाऊन खडू घेतला. पूर्ण तास शिकवलं, निफाडच्याच तोंडानं. कुणी हसलं नाही. पोरं हसली असती तरी मी थांबले नसते.

आता सरांच्या तक्रारीवरून प्राचार्यांचा निरोप आलाय, सोमवारी माफीपत्र घेऊन या.

मी अर्ज लिहिलाय. या पेपरपुढे वेळापत्रकात माझं नाव घाला. खाली माझी सही. नोकरी जाईल, हे मला कळतं. गेली तर जाऊ दे. माझं पान आता दुसऱ्याच्या तोंडून वाचलं जाणार नाही.