ओर्फेलिनाचा दिवा

चिलीतल्या कालामा शहरात आम्ही खाणीच्या गाड्यांसाठी हायड्रॉलिक होज पाइप बनवायचो. पाइपाच्या टोकावर फिटिंग घट्ट दाबणारी प्रेस सांभाळायचं काम ओर्फेलिनाकडे होतं. ती रोज धूळ पुसायची, ग्रीस लावायची. तरीही फिटिंगला चहूबाजूंनी दाबणाऱ्या पोलादी डाय दोनदा झिजल्या, तेही फक्त पुढच्या कडेला. फिटिंगमधून पाइप निसटू लागले.

“आता प्रेस भंगारात,” मालक रिगोबेर्तो म्हणाले.

“आजचा दिवस द्या मालक. पुढूनच का झिजतात ते कळलं नाही, तर नवी प्रेससुद्धा अशीच जाईल.”

ओर्फेलिना स्टूल घेऊन प्रेसच्या बाजूला बसली. त्या पाळीचा कामगार निबाल्दो प्रेसवर फिटिंग दाबत होता.

“एवढी काय बघतेस? माझ्यावर जीव जडला का?”

“तुझ्या हातांवर. फिटिंग पूर्ण आत का घालत नाहीस?”

“आत दिसतं कुठं? माझीच सावली पडते.”

दिवा त्याच्या पाठीमागे होता. त्यामुळे जो तो फिटिंग दिसेल इतपत बाहेर धरायचा आणि सगळा दाब डायच्या पुढच्या कडेवर यायचा.

ओर्फेलिनाने दिवा उतरवून प्रेसच्या तोंडाशी टांगला. मालकांनी कुरकुरत पुन्हा एकदा डाय मागवल्या. त्या बसवून तिने पहिलं फिटिंग दाबलं आणि मापलं. फिटिंगच्या दोन्ही टोकांना माप सारखं आलं, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसला होता.

काही वर्षांनी मी निवृत्त झालो, तेव्हाही प्रेसमध्ये त्याच डाय होत्या. ओर्फेलिना मात्र अजून कुठल्याही यंत्रापाशी गेली की आधी दिवा शोधते.