दोन नावांची आई

देवाधर्मात बुडालेली बाई मी कधीच नव्हते, हे आधीच सांगून टाकते. शेताच्या बांधावर आमचा बिरोबा आहे. त्याला नैवेद्य दाखवायचा, भंडारा उधळायचा, हे सासूबाईंनी लावलेलं वळण म्हणून मी पाळत आले. मेंढरांमागे रानोमाळ फिरत होतो तेव्हा देवाची गरज होती, आता वरवंडला स्वतःचं रान आहे, विहीर आहे, वर्षातून दोनदा आठवण काढली तरी पुरे, असं मनातल्या मनात मी म्हणायचे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. माझ्यावर वेळ आली तेव्हा मला अक्कल आणि देव दोन्ही एकदमच आठवले.

आमची एकुलती एक मुलगी सुवर्णा. शिक्रापूरजवळच्या कारखान्यात कामाला लागली, तिथल्या साहेबांकडून कोरियन भाषा शिकली आणि चार वर्षांपूर्वी तिकडेच नोकरीला गेली. एका दुपारी मी कांदा निवडत बसले होते आणि तिच्या मैत्रिणीचा फोन आला. सुवर्णा कामावर चक्कर येऊन पडली होती. डोळ्याच्या मागे गाठ निघाली होती. तीन आठवड्यांनी ऑपरेशन, आणि डॉक्टरांना घरचं कोणीतरी माणूस जवळ हवं होतं. मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, "काकू, नजर वाचेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. तुम्ही या." ती जिवाचं काहीच बोलली नाही. न बोललेलंच मला जास्त ऐकू आलं.

पासपोर्ट माझ्याकडे होता. लेकीनेच हौसेनं काढायला लावला होता, एकदा तिकडचा बर्फ बघायला ये म्हणून. यांच्याकडे पासपोर्ट नव्हता, म्हणजे जायचं ते मीच. कागद गोळा केले, यांच्याबरोबर दौंडहून गाडी धरली आणि मुंबईत कोरियाच्या वकिलातीत व्हिसाचा अर्ज दिला. खिडकीपलीकडची मुलगी मराठीच होती, सभ्य होती. तिने माझा पासपोर्ट पाहिला, सुवर्णाच्या पासपोर्टची प्रत पाहिली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "काकू, अर्जदार कमल. आणि मुलीच्या पासपोर्टवर आईचं नाव हौसा आहे. या कोण?"

मी म्हणाले, "मीच."

ते पटायला कागद लागतो, हे तिचं बरोबरच होतं. चूक आमची. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि हौसाची कमल झाले. पुढे सुवर्णा झाली, पण आम्ही आठ-आठ महिने मेंढरांबरोबर बाहेर. तिच्या शाळेचे हाल नकोत म्हणून तिला माझ्या माहेरी, केंदूरला, भावाकडे ठेवलं. शाळेत गुरुजींनी आईचं नाव विचारलं, तर भावाने सांगितलं हौसा. माहेरी मी हौसाच होते ना! त्याला तरी दुसरं कसं सुचावं? दाखल्यावर हौसा, तिथून पासपोर्टवर हौसा. इतकी वर्षं कोणाचंच काही अडलं नाही.

लग्नाची नोंदणी असती तर त्यात माहेरचं-सासरचं अशी दोन्ही नावं एकत्र आली असती. ती आम्ही केलीच नव्हती. पुढच्या सोमवारपर्यंत नोंदणीचा दाखला जोडा, नाहीतर अर्ज अपुरा राहील, असं तिने समजावून सांगितलं. लग्न केंदूरला लागलं होतं, म्हणून तिथल्या ग्रामसेवकांना वकिलातीतूनच फोन लावला. ते म्हणाले, "ताई, नोंद उशिरा पण व्हतीया. साक्षीदार आना, आन् लग्नाची पत्रिका नायतर फोटू आना. त्याबिगर मला हात लावता येनार न्हाई." फोटोचा रोल तेव्हाच वाया गेला होता. पत्रिका होती ती पालावरच्या ट्रंकेत, एका पावसाळ्यात लगदा झाली. भावाकडे नव्हती, जावेकडे नव्हती. तीस वर्षांची जुनी पत्रिका कोण जपून ठेवतंय?

परतीच्या गाडीत हे पुन्हा पुन्हा कागद चाळत होते. लेक परक्या देशात खाटेवर पडलेली, आणि मी तिची आई नाही असं माझेच कागद सांगत होते. पदराच्या गाठीत बिरोबाचा भंडारा बांधून आणला होता. मला त्या देवाचा इतका राग आला की गाठ सोडून खिडकीबाहेर झटकावी असं वाटलं. बोटं गाठीवर गेलीही. पण हिंमत झाली नाही. देवावर प्रेम होतं म्हणून नव्हे, घाबरले म्हणून.

आमची गाडी वरवंडजवळच्या केडगावला थांबणारी नव्हती, म्हणून दौंडला उतरलो. उतरताना दाराच्या दांडीवर हात आपटला आणि माझी एक बांगडी वाढवली. हिरव्या काचेचे तुकडे फलाटावर पडले. सवाष्णीची बांगडी, तीही अशा वेळी! मला वाटलं, मघाच्या विचाराचं हे फळ. देवाने ऐकलं आणि आता लेकीवर काढणार. मी तिथेच बाकावर बसले. हे म्हणाले, "आगं, काच हाय ती, फुटायचीच. चल, दुसरी भर, आन् घरी जाऊ." मी त्यातलं बांगडीचं तेवढं ऐकलं, आणि तेही भीतीपोटी. तशा हाताने मला उंबरा ओलांडायचा नव्हता.

स्टेशनच्या रस्त्याला एक लहानसं बांगड्यांचं दुकान दिसलं. गल्ल्यावर मुलगा होता आणि आत गादीवर त्याचे म्हातारे वडील. मुलगा फोनवर बोलत होता, म्हणून म्हाताऱ्यांनीच खूण करून बसायला सांगितलं. जुने मन्यार. त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं जुळवून दाबली, आणि करंगळीपाशी थांबले. माझी करंगळी लहानपणी वैरण काढताना विळ्याने कापलेली, ती वाकडीच राहिली आहे. त्यांनी ती दोनदा चाचपली. डोळ्यांनी त्यांना फारसं दिसत नसावं.

"पोरी, ही करंगळी कडवाळ कापताना कापली व्हय गं?"

मी चपापले. "तुम्हाला कसं ठाऊक, चाचा?"

"केंदूरची हौसा न्हवं का तू? तुजा लग्नाचा चुडा म्या भरलाय. ही करंगळी दुमडत न्हवती म्हनून लय रडली व्हतीस. तोंडं इसरतो मी, हात न्हाई इसरत."

माहेराबाहेर त्या नावाने मला किती वर्षांत कोणी हाक मारली नव्हती. आणि नेमक्या त्याच दिवशी, त्याच नावासाठी मी दारोदार फिरत होते. मला हुंदका आवरेना. चाचा घाबरले, त्यांना वाटलं बांगडी रुतली. मग यांनीच त्यांना सगळं सांगितलं, वकिलात, दोन नावं, हरवलेली पत्रिका.

चाचांनी हातातली बांगडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पत्रिका माज्याकडं आसंल. बघाय पायजे."

पूर्वी ते सायकलवर बांगड्यांची पेटी बांधून शिक्रापूर, केंदूरकडची गावं करायचे. लग्नघरचं बोलावणं आलं की मन्याराला हळद-कुंकू लावलेली पत्रिका मिळायची, मानाची. ती प्रत्येक पत्रिका त्यांनी ठेवली होती. "वर देवाचं नाव छापल्यालं आसतंय," ते म्हणाले. "ते रद्दीत कसं घालायचं? पायाखाली गेलं मंजी? तुमचा काय आन् आमचा काय, नाव ते नावच. सूनबाई रोज वरडती, ह्यो कचरा काढा म्हनून."

दुकानामागेच घर होतं. खाटेखालून पत्र्याची पेटी निघाली. वरच्या पत्रिका चांगल्या होत्या, पण खाली जावं तशी कसर लागलेली. काहींची नुसती चाळण झाली होती. सूनबाई एकेक वाचत होती आणि मी वाचलेल्या बाजूला रचत होते. प्रत्येक फाटक्या कागदाबरोबर वाटायचं, हीच असणार आपली, आणि हीच गेली. अर्धी पेटी रिकामी झाली. मग ती म्हणाली, "हौसा... केंदूर... बघा बरं." एक कोपरा कसरीने खाल्लेला होता. बाकी माझं नाव, यांचं नाव, तिथी, गाव, सगळं जागच्या जागी. आणि वर, तांबड्या शाईत, श्री बिरोबा प्रसन्न.

मी ज्याचा भंडारा खिडकीबाहेर फेकायला निघाले होते, त्याचं नाव पायाखाली येऊ नये म्हणून एका मन्याराने तीस वर्षं जपलं होतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी हात धरून उठवलं आणि आधी राहिलेली बांगडी भरली. म्हणाले, "आता जा. लेकीपाशी जा."

पुढचं सांगायला सोपं आहे, सोसायला नव्हतं. ग्रामसेवकांनी नोंद केली, दाखला मिळाला, शिरूरला त्याचं इंग्रजी करून घेतलं, सोमवारी मुंबईत कागद जोडले. मग वाट बघणं. मी रोज बांधावर जायचे, पण आता काही मागत नव्हते. नवस बोलायलाही जीभ उचलत नव्हती. एवढंच म्हणायचे, बाबा, मला यातलं काही कळत नाही, तू बघ. भीती गेली नाही. पण ती एकटीने धरून बसायची गरज राहिली नाही. ऑपरेशनला दोन दिवस उरले असताना मी विमानात बसले.

ऑपरेशन संपायला संध्याकाळ झाली. आत सोडण्याआधी नर्सने खुणेने बांगड्या काढायला सांगितल्या, पासपोर्टची पिशवी बाहेर ठेवायला लावली, तोंडाला मास्क, अंगावर निळा झगा. इतक्या धडपडीने मिळवलेलं सगळं बाहेर राहिलं. मोकळ्या हातांनी आत जाताना पुन्हा तीच भीती वाटली. सुवर्णाच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. मी नुसता तिच्या हातावर हात ठेवला.

तिची बोटं हळूच हलली, माझ्या हातावरून फिरली आणि करंगळीपाशी थांबली.

"आई," ती म्हणाली.

तिची एका डोळ्याची नजर वाचली, दुसऱ्याला अंधुक दिसतं. जेवढं राहिलं तेवढं त्याने दिलेलं, असं मी मानते, आणि का म्हणून विचारत नाही. परत आल्यावर पहिल्यांदा दौंडला उतरले, चाचांकडून दोन्ही हात भरून घेतले आणि मगच बिरोबाला गेले.