सत्त्याण्णवला उकळणारं पाणी

दशांश सरांना वेळ विचारायची नाही, हा शाळेतला अलिखित नियम होता. कुणी चालता चालता विचारावं, "सर, किती वाजले हो?" तर हा माणूस मनगट डोळ्यांपाशी नेऊन सांगणार, "दहा वाजून सतरा. पण माझं घड्याळ दिवसाला सव्वा मिनिट मागे पडतं आणि मी ते परवा लावलंय, तेव्हा अडीच मिनिटं मिळवा." तोवर विचारणाऱ्याचा निम्मा तास बुडालेला असे.

सव्वीस वर्षं ते विज्ञान शिकवत होते. 'दशांश' हे नाव मुलांनी ठेवलं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा रागावायचं सोडून त्यांनी एवढंच विचारलं, "एक स्थळ की दोन?" घरी त्यांच्या बायकोची तक्रार वेगळी नव्हती. "यांना भाजी कशी झालीय विचारायची सोय नाही," ती शेजारणीला सांगे. "लग्न ठरताना यांनी आपण होऊन माझ्या वडिलांना सांगितलं, मी घोरतो, उजव्या कुशीवर जास्त. वडील म्हणाले, एवढं खरं कोण बोलतं! आणि दिली मला बांधून. आता वडील तिकडे शांत झोपतात, मी इकडे जागी."

शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. उंची चार फूट दहा इंच. पण त्या व्हरांड्यातून निघाल्या की दंगा करणारा वर्ग पंखा बंद पडावा तसा हळूहळू थांबे. तर अशा मोठ्या बाई गेला महिनाभर नीट जेवल्या नव्हत्या. तपासणी समिती येणार होती. शंभरपैकी साठ गुण मिळाले तर नववी-दहावीचे वर्ग राहणार, नाहीतर बंद. मग मुलांना दोन बस बदलून लांबच्या शाळेत जावं लागणार. त्यातल्या कुठल्या कुठल्या मुलींना घरचे दोन बस बदलून पाठवणार नाहीत, हे बाईंना नावानिशी पाठ होतं. चौदा मुली. चौदा जणींची शाळा आठवीतच संपणार होती.

म्हणून समिती यायच्या आठवडाभर आधी त्या प्रयोगशाळेत गेल्या, प्रयोगवह्यांचा गठ्ठा उघडला आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"सर, हे काय? पाणी सत्त्याण्णवला उकळलं?"

"हो."

"चोवीसच्या चोवीस वह्यांत?"

"पाणी एकच होतं ना, बाई."

"अहो, पुस्तकात शंभर आहे!"

"पुस्तकात आहेच. पण आपला थर्मामीटर तीन अंश कमी दाखवतो. मुलांनीच शोधून काढलंय. खालच्या ओळी वाचा ना."

"खालच्या ओळी मी वाचते. समिती वाचते का? मागच्या वेळी एक वही अर्ध्या मिनिटात चाळली त्यांनी! त्यांना दिसणार आकडा. सत्त्याण्णव दिसला की लाल पेन. सर, हात जोडते, एवढं शंभर लिहून घ्या."

दशांश सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना बाईंबद्दल खराच आदर होता. पत्रा गळत असताना स्वतः शिडीवर चढणारी मुख्याध्यापिका त्यांनी दुसरी पाहिली नव्हती.

"मुलांना सांगेन मी शंभर लिहायला," ते म्हणाले. "पण मग पाण्यालाही सांगावं लागेल. ते काही माझं ऐकत नाही."

"सर, चौदा मुली आहेत."

"माहीत आहे. त्यांनीच तर वाचन घेतलंय. आता त्यांना कसं सांगू, की तुम्ही पाहिलंत ते पाहिलंच नाहीत म्हणून?"

बाई उठल्या. दारातून म्हणाल्या, "तुम्हाला गुरू करायच्या आधी देवाने जरा व्यवहार शिकवायला हवा होता," आणि तरातरा निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर रजेवर होते. शाळेत मोत्यासारखं अक्षर असलेली एक मुलगी होती, आठवीतली. बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं, कोरी वही दिली आणि समोर बसवून सगळे प्रयोग उतरवून घेतले. पाण्याचं पान आलं तेव्हा मुलीचा हात थांबला. "बाई, इथे..." "शंभर लिही, बाळ," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. मुलीने लिहिलं. तिची जुनी वही कपाटात गेली आणि ही नवी गठ्ठ्याच्या अगदी वर ठेवली गेली.

समिती आली. तिचे प्रमुख चांगले दणकट गृहस्थ होते. प्रयोगशाळेतल्या स्टुलाकडे त्यांनी अविश्वासाने पाहिलं आणि उभं राहणंच पसंत केलं. शिपायाने बर्फ घातलेलं पाणी आणून दिलं. प्रमुखांनी वरची वही उघडली.

"वा! अक्षर काय, आकृत्या काय! पाणी शंभर अंश. छान." दुसरी वही. "सत्त्याण्णव?" तिसरी. चौथी. थेट चोविसावीपर्यंत. आज नेमकं प्रमुखांना वह्या वाचायची हौस आली होती. "अहो सर, तेवीस मुलांचं चुकलंय आणि एकीचंच बरोबर? शिकवण्यातच काहीतरी गडबड दिसते. कोण ही मुलगी? शाब्बास, बाळ!"

ती मुलगी वर्गातल्या इतर मुलांबरोबर बाकाजवळ उभी होती. शाब्बासकी मिळताच तिचे डोळे भरून आले.

दशांश सरांनी वरची वही हातात घेतली. पान पाहिलं. ते नवं आहे, आपली सही तिथे नाही, हे ओळखायला त्यांना क्षणही लागला नसावा. त्यांनी बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीला हळूच विचारलं, "बाळ, तू शंभर पाहिलंस का?"

मुलीने सरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंना एवढंच दिसलं, की ही पोर आता आपल्यासाठी खोटं बोलणार आहे. चौदा जणींची शाळा वाचवायला निघालेल्या आपण पंधरावीला काय शिकवून बसलो!

"तिने नाही पाहिलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "ती वही मी लिहून घेतली. सरांना ठाऊक नव्हतं. ते नाही म्हणाले होते. बाकीच्या तेवीस खऱ्या आहेत."

शिपाई ट्रेसकट पुतळा झाला.

"बाई, तुम्ही बोलला नसता तर मी पुढे गेलो असतो," प्रमुख म्हणाले.

"ते माहीत होतं मला."

प्रमुखांनी मुलीकडे वळून विचारलं, "मग तू काय पाहिलंस?"

"सत्त्याण्णव."

"म्हणजे पुस्तक खोटं?"

"नाही हो!" आता मात्र तिला कंठ फुटला. "थर्मामीटर खोटा आहे. आम्ही तो बर्फात बुडवला. तिथे शून्य दाखवायला हवं, तर हा उणे तीन दाखवतो. म्हणजे सगळीकडे तीन मिळवायचे. सत्त्याण्णव आणि तीन."

"उणे तीन? बघू तो." प्रमुखांनी थर्मामीटर घेतला आणि सरळ स्वतःच्या बर्फाच्या ग्लासात खुपसला. चोवीस मुलं, दोन शिक्षक आणि पूर्ण समिती त्या ग्लासावर वाकली. पारा उतरत उतरत शून्याखाली गेला आणि तिथे बसला.

"उणे तीन!" प्रमुख एखाद्या पोरासारखे ओरडले आणि त्या आनंदात ग्लास तोंडाला लावू लागले.

"साहेब, ते पिऊ नका," दशांश सर घाईने म्हणाले. "गेल्या आठवड्यात तो गंधकात होता."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत उभं राहून वाचलं. प्रयोगशाळेबद्दल चांगलं लिहिलं होतं. खाली, 'प्रदर्शनासाठी एक वही मुख्याध्यापिकेने नव्याने लिहवून घेतली. गुण कमी केले आहेत,' हेही होतं. ते वाक्य त्यांनी न अडखळता वाचलं. कारकून पुटपुटला, "एवढं गाळलं असतंत तरी चाललं असतं, बाई." बाईंनी न ऐकल्यासारखं केलं. एकूण गुण त्रेसष्ट. वर्ग राहिले! टाळ्या झाल्या, कुणीतरी बाक बडवला, आणि शिपाई चहा सांगायला धावला.

दशांश सर पत्र हातात घेऊन खिडकीशी गेले होते. चष्मा वर, पेन्सिल खाली. बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला.

"सर, काय झालं?"

"काही नाही. म्हणजे, बेरीज चुकलीय त्यांची. जास्त धरलेत."

खोलीतल्या टाळ्या जागच्या जागी विरल्या. "सर, तुमच्या पाया पडतो," कारकून म्हणाला, "ते पत्र कपाटात ठेवा हो!"

मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली. शाळेचा कोरा कागद पुढ्यात घेतला, पेनाचं टोपण काढलं, वर तारीख घातली, 'माननीय समितीप्रमुख यांस' असं लिहिलं आणि मगच मान वर करून विचारलं,

"किती होतात खरे?"

"एकसष्ट," सर म्हणाले. "मी दोनदा केली बेरीज."

बाईंनी श्वास सोडला. "आणखी एकदा करा," त्या म्हणाल्या, "मी लिहितेय तोवर."