उजवीकडून नावं, डावीकडून आकडे

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बरो पार्कात, म्हणजे ज्यूंच्या वस्तीत, एखादी बातमी पसरवायची असेल तर ती फ्रुमेट लान्डाऊला "कुणाला सांगू नको" म्हणून सांगावी, असं लोक म्हणत. बाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. तरी सोयरिकी जुळवायला सगळे तिच्याचकडे येत, कारण तिच्या हाताला यश होतं.

एका बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकत नसे. मुलगा-मुलगी भेटायच्या आधी दोघांचे नंबर हवेत. शाळेत असतानाच मुलांचं रक्त तपासतात आणि प्रत्येकाला नुसता एक नंबर देतात. रोगाचं नाव नाही, निकाल नाही. स्थळ आलं की दोन नंबर आणि दोन जन्मतारखा तपासणीच्या कचेरीला फोनवर सांगायच्या. एकच दोष दोघांच्याही रक्तात निघाला तर होणाऱ्या लेकरांना धोका. एकट्याच्या रक्तात असला तर त्याला काही होत नाही आणि कळतही नाही, त्यामुळे कुणाच्या घराकडे बोट दाखवायची सोय नाही. फ्रुमेटच्या बहिणीच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. तिचा येंकल चार वर्षांचा होऊन गेला, आणि शेवटी शेवटी त्याला आईसुद्धा दिसत नव्हती. ते पोर फ्रुमेटनं मांडीवर खेळवलेलं होतं. ती ते विसरली नाही.

अशा बाईच्या नाकाखाली यंदा भलतंच झालं. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली असताना ब्लिमी आणि नोखम यांची भेट तिच्या माघारी ठरली. एक नाही, चांगल्या तीन भेटी. ती परत आली तो ब्लिमीची आई रायझल दारात हजर.

"फ्रुमेट, पोरगी भांडी घासताना गातेय. काल बटाट्याच्या कुगेलात दोनदा मीठ घातलंन. आता काय ते लवकर उरक बाई!"

शुक्रवारी सकाळी फ्रुमेटनं वही उघडून फोन लावला. पलीकडची बाई नंबर पडताळून म्हणाली, "बाई, ही सोयरीक करू नका."

फ्रुमेट खुर्चीत बसली ती बसलीच. येंकल डोळ्यांपुढे आला, आणि मग ती गाणारी पोरगी.

"हर्शल, आता कोणत्या तोंडानं सांगू रे तिला?"

तिचा नवरा हर्शल जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आला होता. घरात बोलायचं काम तिचं आणि तपासायचं त्याचं. त्यानं डोळ्याला भिंग लावून वही पुढे ओढली. नोखमला लिपा नावाचा जुळा भाऊ होता, आणि त्यांच्या आईनं दोघांचे नंबर एका दमात सांगितले होते. वहीत वर नावं होती, खाली आकडे.

"नावं यिडिशमध्ये लिहिलीस?"

"मग काय चिनीत लिहू?"

"म्हणजे उजवीकडून. आधी नोखम, मग त्याच्या डावीकडे लिपा."

"हो. बरं मग?"

"आणि आकडे?"

"आकडे कुणी उजवीकडून लिहितं का? आकडे डावीक—" फ्रुमेटनं वही हिसकावून घेतली.

नोखमच्या नावाखाली लिपाचा नंबर बसला होता. जन्मतारीख दोघांची एकच, मग कचेरीला तरी शंका कशी यावी!

"फ्रुमेट, कोंबडी करपतेय."

"करपू दे!"

संध्याकाळपासून शब्बाथची सुट्टी, म्हणून कचेरी बाराला बंद व्हायची आणि पावणेबारा वाजले होते. तिनं जुळ्यांच्या आईला फोन लावला.

"अगं, गाजरं चिरतेय, मग बोलू."

"सुरी ठेव खाली आणि नोखमचं कार्ड आण! माझं अक्षर मलाच लागेनासं झालंय."

बाराला दोन मिनिटं कमी असताना कचेरीतली बाई म्हणाली, "ही दोघं जुळतात. मझल टोव! आणि बाई, मघाशी जे सांगितलं ते—"

"मघाशी? मी कुठे केला होता फोन मघाशी?" फ्रुमेट म्हणाली, आणि अंगावरच्या एप्रनसकट, पायात सपाता तशाच ठेवून रस्त्यावर धावत सुटली. ब्लिमी शब्बाथच्या पावासाठी कणकेच्या वेण्या घालत होती. जुळलं हे ऐकताच तिनं पिठाच्या हातांनी फ्रुमेटला अशी मिठी मारली की तिचा काळा झगा पाठभर पांढरा झाला. तो तिनं तसाच मिरवला.

लग्नात लिपानं भावाला खुर्चीसकट उचलून अख्ख्या मांडवभर नाचवलं. बायका पुरुषांच्या आणि आपल्या मधल्या पडद्याच्या फटीतून बघत होत्या. रायझलनं फ्रुमेटला कोपरानं ढोसलं.

"तो लिपा बघ गं! आमच्या धाकटीला कसा वाटतो?"

"आधी नंबर."

"आता कसला नंबर? बहिणीचा जुळला ना त्याच घरात?"

"बहीण ती बहीण आणि नंबर तो नंबर. धाकटीचा आण. आणि वेगळ्या कागदावर लिहून आण."

रायझलनं डोळे बारीक केले. "का गं? तुला काहीतरी माहीत आहे. सांग बघू, तुझ्या पोटात काही राहत नाही."

शुक्रवारचा तो पहिला नकार लिपाच्या नंबराचा होता, हे फ्रुमेटच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं. तिनं ताटलीतला मधाच्या केकचा भलाथोरला तुकडा उचलून तोंडात कोंबला आणि हातानंच खूण केली, बोलता येत नाही म्हणून. रायझल वाट बघत उभी राहिली. फ्रुमेट नाच संपेपर्यंत चावत होती.