गल्लीभर चकोट डोकी

कौकब खानमला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. इराणच्या शहाच्या मर्जीतल्या बड्या लोकांनी खोल विहिरी खणल्या आणि तिच्या गावचं पाणी आटलं, म्हणून ती नवरा आणि पोरासह तेहरानच्या दक्षिणेला, आमच्या गल्लीत आली. इथे तिची झोपडी बुलडोझरने दोनदा पाडली. देश आधुनिक होत होता म्हणे. नवरा बांधकामावरून पडून मेला, तेव्हा ठेकेदार फिरकलासुद्धा नाही. कफन आणि हिवाळ्याचं रॉकेल मशिदीतून आलं. मग तिने मुल्लांचं ऐकायचं नाही तर कुणाचं? मला मुल्ला फारसे पटत नाहीत, पण हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

पोरगा यदुल्ला सक्तीने फौजेत गेला होता. त्या मोहरममध्ये त्याला शहाविरुद्धच्या मोर्च्यावर गोळी झाडायचा हुकूम झाला. तो बंदूक टाकून पळाला आणि भरदुपारी आईच्या दारात उभा राहिला. अंगावर कुणाचा तरी कोट, पण डोकं शिपायाचं, चकोट.

"टोपी घाल," मी म्हटलं.

"टोप्या काढूनच बघतायत, मावशी."

झडती चौकापर्यंत आली होती. सापडला असता तर गोळीच.

समोरच्या उस्ता हैदर न्हाव्याचं दुकान बंद होतं. मोहरममध्ये इमाम आणि त्यांची पोरं मारली गेली; त्या शोकाच्या दिवसांत आमच्याकडे कुणी वस्तऱ्याला हात लावत नाही. त्याने यदुल्लाला पाहिलं आणि फळ्या काढल्या.

"पोरांनो, या रे. सगळ्यांची डोकी."

"उस्ता, मोहरम आहे," कौकब पुटपुटली.

"इमामांना जबाब मी देईन. त्यांची पोरं लपवायला कुणी आलं नव्हतं."

हवालदार आला तेव्हा गल्लीतल्या एकाही तरुणाच्या डोक्यावर केस उरले नव्हते.

"मोहरममध्ये हजामत? लाज नाही वाटत?"

"उवा झाल्यात, साहेब. गल्लीत नळ आहे कुठे?"

हवालदाराने कौकबच्या दंडाला धरलं. "फौजेतला पोरगा तुझाच ना? यातला कुठला?"

"मला ओळखू येईना, साहेब."

ती खोटं बोलत नव्हती. डोळे इतके भरले होते की तिला एकही चेहरा दिसत नव्हता. तिला रडताना बघून एक पोरगा पुढे सरला. उस्ताने त्याला मानेला धरून खाली बसवलं आणि डोक्यावर साबणाचा फेस थापला.

"हलू नकोस, कान कापेन."

हवालदार बघत राहिला. मग थुंकला आणि शिपाई घेऊन पुढच्या गल्लीत गेला. उस्ताचा वस्तरा अजून फेसावरून फिरत होता आणि खाली केसच नव्हते. कौकब चाचपडत गेली आणि फेसासकट ते डोकं तिने पोटाशी धरलं.